बांध गेला, दंड राहिला

(हुतात्मा स्मृतिदिनानिमित्त १६ जानेवारी रोजी जासई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नामदेव शंकर घरत. रघुनाथ अर्जुन ठाकूर. केशव महादेव पाटील. महादेव हिरा पाटील. कमळाकर कृष्णा तांडेल. ही पाच नावं घेतल्याशिवाय या गावात कोणी बोलायला उभं राहू नये. १९८४ च्या १६ जानेवारीला इथे दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर-पागोट्याकडे पोलिसांच्या गोळ्यांनी ही माणसं गेली. नव्या मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं होतं, त्या गावांच्या पोटासाठी ती उभी होती. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचं तत्त्व आलं, ते या रक्तातून आलं. आणि त्या लढ्याचा आवाज होते याच मातीतले, १९२६ साली याच जासईत जन्मलेले दि. बा. पाटील.

या दिवशी लढ्याची गोष्ट सांगायची असते. मीही तीच सांगणार आहे, पण तिच्या आतली एक गोष्ट बाहेर काढून. आज मी वाळीत टाकण्यावर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकजण म्हणाले, "ताई, या दिवशी हे कशाला?" त्यांचा हेतू चांगला होता. हुतात्म्यांच्या दिवशी गावाचं उणं काढू नये, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. माझं उत्तर असं की, माणसाला त्याच्या घरादारातून उठवणं किती वाईट असतं, हे ज्या गावांनी गोळ्या खाऊन जगाला सांगितलं, त्याच गावांना हा प्रश्न विचारता येतो. दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही.

एका घराची गोष्ट

मी याच तालुक्यातली. माझ्या लहानपणी आमच्या गावात एक घर वाळीत होतं. त्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती, आणि आमची शाळा शेजारच्या गावात. पुढे जे सांगते ते तिला विचारून सांगते आहे. नाव सांगायचं नाही, एवढीच तिची अट आहे.

त्या वर्षी भाद्रपदातल्या उधाणाला खारबांधाला खांड गेली. रात्री दवंडी झाली: घरटी एक माणूस बांधावर. तिच्या वडिलांच्या घरात त्या रात्री बायको बाळंतपणात अडली होती आणि दुसरा कर्ता पुरुष नव्हता. ते गेले नाहीत. चार दिवसांनी गावकीची बैठक बसली, दंड झाला. ते म्हणाले, दंड भरणार नाही, मी चुकलेलो नाही. पुढच्या बैठकीत ठरलं की या घराशी कोणी बोलायचं नाही.

हे ठरलं म्हणजे काय झालं, ते मुलाच्या उंचीवरून सांगते. वाण्याने त्या घरचे पैसे घेणं बंद केलं. त्यांच्या दारावरून जाताना आमची आजी डोक्यावरचा पदर पुढे ओढून मान फिरवायची. होळीला त्यांच्या घरचं लाकूड घेतलं नाही. कुणाच्या हळदीला त्यांना बोलावणं नाही, लग्नात धवले गाणारी धवलारीण त्यांच्या दारात जाणार नाही. त्या पावसाळ्यानंतर तिची आजी वारली, तेव्हा तिरडीला खांदा द्यायला मिठागरावर बाहेरून कामाला आलेले मजूर आले. गावातलं कोणी आलं नाही. आम्ही दार अर्धं उघडं ठेवून पाहत होतो. माझे वडील वाईट माणूस नव्हते. त्या रात्री ते जेवले नाहीत. पण गेलेही नाहीत.

आणि मी? मला सांगितलं होतं, तिच्याशी बोलायचं नाही. शाळेची वाट एकच होती. मी पुढे चालायचे, ती मागून यायची. जवळजवळ वर्षभर. अलीकडे मी तिला विचारलं, तुला त्या दिवसांतलं काय आठवतं? मला वाटलं, ती आजीच्या मयताचं सांगेल. ती म्हणाली, "तू फुरं फुरं चालाचीस, मी मागशी तुजं पाय बगाची." तिने माझी पावलं पाहिली होती. माझी चप्पल कुठली, तिचा अंगठा कधी तुटला, हेसुद्धा तिला आठवत होतं. वाळीत टाकलेल्या घरातल्या मुलाला आपली पाठ अशी पाठ होते.

गावकीला दात कुठून आले

ज्यांनी हे केलं त्यांना राक्षस ठरवणं सोपं आहे. पण तसं म्हटलं की आपल्याला काहीच शिकायला मिळत नाही. म्हणून आधी हे पाहू की गावकीच्या हाती एवढी ताकद आली कशी.

खाडीकाठच्या गावांचं जगणं एका मातीच्या बांधावर होतं. बाहेर खाडी, आत भातशेती, मध्ये खारबांध. पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडायला उघाडी. पुनव-अवसेच्या उधाणाला कुठेतरी खांड पडली आणि वेळेत बुजवली नाही, तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरणार आणि पुढचे दोन-तीन पावसाळे ती जमीन भात देणार नाही. पाण्याला हद्द कळत नाही. तुमच्या शेताजवळची खांड शेवटच्या घराचं भात बुडवते. म्हणून घरटी एक माणूस हा नियम होता, आणि न येणाऱ्याला दंड हा त्याचा दुसरा भाग. एका घराने अंग काढलं तर सगळं गाव बुडू शकतं, ही भीती खरी होती. गावकीचा दरारा या भीतीवर उभा राहिला. पंचांना मान मिळाला तो बांध राखला म्हणून.

या रीतीत शहाणपण होतं, हे मी मोकळेपणाने मान्य करते. सरकारी माणूस येण्याआधी बांध बुजवणारं दुसरं कोणी नव्हतं. पण तिच्यात एक खोट होती. बैठकीत बसायचे ते घरातले कर्ते पुरुष. बाळंतपण अडलं होतं, हे सांगू शकणाऱ्या बायका बैठकीत नव्हत्या. ज्याला दंड झाला त्याला दाद मागायला दुसरी जागा नव्हती. कायदा करणारे तेच, फिर्यादी तेच, न्यायाधीश तेच आणि शिक्षा अमलात आणणारे शेजारीही तेच. अशा व्यवस्थेत चांगले पंच बसले तर गाव चालतं, आणि एक खुनशी माणूस बसला तर एक घर मरतं.

आता बांध कुठे आहे? १९७० साली सिडको आली. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. जिथे उघाड्या होत्या तिथे कंटेनरची यार्डं आहेत. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला आणि तो चिर्ल्याला येऊन उतरला. उरणपर्यंत लोकल आली. आमच्या आज्यांना मुंबई दिसायची पण पोचायला दिवस जायचा. आज आमची मुलं सकाळी निघून दुपारी परत येतात. ज्या उधाणासाठी घरटी माणूस लागायचा, ते उधाण आता भरावाखाली गेलं.

पण बैठक राहिली आणि दंडही राहिला. बांध राखायचं काम संपल्यावर राखायला माणसंच उरली: कोणी कुणाशी लग्न केलं, कोणी कुणाला मत दिलं, कोणी वर्गणी दिली नाही, कोणी पंचांच्या माणसाविरुद्ध ग्रामपंचायतीला अर्ज भरला. आणि जिथे ठेकेदारीत स्थानिकाचं नाव गावाकडून पुढे जातं, तिथे वाळीत पडलेल्या घराच्या मुलाचं नाव पुढे जात नाही. पूर्वी वाळीत टाकलेल्याचं भात तरी त्याचं होतं. आता त्याच्याकडे शेतही नाही.

रायगडची गोष्ट

हे एका तालुक्याचं दुखणं नाही. २०१३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत आपला रायगड जिल्हा या एका कारणासाठी महाराष्ट्रभर वर्तमानपत्रांत आला. रोहा, मुरूड, श्रीवर्धन, अलिबाग, महाड अशा तालुक्यांतून वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत आणि वर्तमानपत्रांत गेल्या. कारणं वाचली की हात थिजतात. कोणी गावाने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध निवडणूक लढवली. कोणी देवळाच्या पैशांचा हिशेब मागितला. कोणी जमिनीच्या वादात पंचांऐवजी कोर्टाची पायरी चढला. कुठे सुनेने जीन्स घातली, मंगळसूत्र घातलं नाही. यातल्या एकाही कारणाने कुणाच्या शेतात खारं पाणी शिरलं नव्हतं.

त्याच काळात नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या वडिलांनी जीव घेतला, आणि त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं. तेव्हा डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान सुरू केलं. २०१३ च्या २० ऑगस्टला पुण्यात डॉक्टरांची हत्या झाली. अभियान थांबलं नाही. गावोगावचे वाळीत टाकलेले लोक बोलायला लागले, आणि त्यांच्या बोलण्यातून कायदा झाला.

त्याआधी एक कायदा होता, तोही सांगते. १९४९ मध्ये मुंबई राज्याने समाजाबाहेर काढण्याला बंदी घातली होती. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला, कारण धर्मगुरूच्या अधिकारात तो हात घालतो असं बहुमताचं म्हणणं पडलं. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं वाळीत पडलेल्या सर्वसाधारण माणसाच्या बाजूने महाराष्ट्रात थेट कायदा नव्हता. पोलीस विचारायचे, कुणी मारलं का? नाही. घर जाळलं का? नाही. मग तक्रार काय? "कोणी बोलत नाही," ही तक्रार कुठल्या कलमात बसत नव्हती.

२०१६ च्या १३ एप्रिलला, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या आदल्या दिवशी, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचं संरक्षण करणारा कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती घेऊन २०१७ च्या जुलैत तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोपपत्र दाखल झाल्यावर सहा महिन्यांत खटला संपवायचा. आणि त्यात बहिष्काराचे प्रकार मोजून लिहिले आहेत: धार्मिक-सामाजिक कार्यात भाग घेऊ न देणं, लग्न किंवा अंत्यविधी अडवणं, शाळा, दवाखाना, सभागृह, स्मशान, पाणवठा, वाट नाकारणं, व्यवहार तोडणं, मुलांना एकमेकांशी खेळू न देणं, कोणता पोशाख करावा, कोणती भाषा बोलावी हे लादणं. ज्यांनी ठराव केला त्यांनाच नव्हे, तर ज्यांनी चिथावलं किंवा साथ दिली त्यांनाही हा कायदा लागू होतो.

मुलांचा उल्लेख मी मुद्दाम केला. कायद्याच्या त्या ओळीत मला शाळेची वाट दिसते.

महाडचं तळं

मग कायदा आहे, तर हे थांबलं का नाही? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, महाडला, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे.

१९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला: सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. पण १९२७ च्या २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तोवर एकाही अस्पृश्याने तिथे ओंजळ भरली नव्हती. पाणी प्यायल्यावर काय झालं? देवळात शिरणार अशी अफवा उठली, परत निघालेल्या माणसांना वाटेत मारलं, तळं गोमूत्र-शेणाने शुद्ध केलं. कज्जा कोर्टात दहा वर्षं चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, ठराव कागदावर असतो. त्याला अर्थ देण्यासाठी कुणीतरी पहिली ओंजळ भरावी लागते. दुसरी, त्या दिवसांत महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते. ते बहिष्कृतांमधले नव्हते. ते त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. वाळीत टाकलेल्या घराला कायद्याच्या कलमाइतकीच अशा एका माणसाची गरज असते, जो आतला असूनही त्या दारात जातो.

बहिष्काराची धार बाबासाहेबांनी फार आधी ओळखली होती. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात या समितीने लिहिलं की गावातले वरचे वर्ग आपली आर्थिक ताकद हत्यार म्हणून वापरतात, आणि कारणं कसली असतात: कुणी सार्वजनिक विहिरीवर गेला, कुणी जमिनीचा तुकडा विकत घेतला, कुणी चांगले कपडे-दागिने घातले, कुणी नवरदेवाला घोड्यावरून भर रस्त्याने नेलं. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची ही यादी आणि मघाशी सांगितलेली रायगडची यादी शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत गुन्हा एकच आहे: माणसाने आपल्या पायरीपेक्षा वर पाऊल टाकलं. गोलमेज परिषदेच्या वेळी आणि पुढे १९४७ च्या आपल्या मसुद्यातही बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असं मांडलं, आणि नमुना म्हणून ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याकडे बोट दाखवलं. ही मागणी महाराष्ट्रात सर्वांसाठी कायद्यात उतरायला २०१६ साल उजाडलं.

संप आणि वाळीत

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढे जाणं हुतात्म्यांच्या दिवशी बरं नाही. आपल्या चळवळींनीही बहिष्कार वापरला आहे. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ च्या २७ ऑक्टोबरला खोतांची शेती कसायची नाही असं ठरवलं. पंचवीस गावं सहा वर्षं उपाशी राहिली पण नांगर धरला नाही. त्या संपाला बाबासाहेबांची साथ होती, आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. चिरनेरला १९३० च्या २५ सप्टेंबरला जंगल सत्याग्रहात माणसं पडली, ती सरकारचा हुकूम मानायचा नाही असं गावांनी मिळून ठरवल्यामुळे. १९८४ लाही तेच. गाव एक झालं नसतं तर साडेबारा टक्के आले नसते. मग एकजूट चांगली आणि वाळीत वाईट, हे ओळखायचं कसं? दोन्हींत बैठक असते, ठराव असतो, न मानणाऱ्यावर राग असतो.

माझी कसोटी साधी आहे. ठराव कुणावर रोखला आहे ते पाहा. चरीच्या शेतकऱ्यांनी आपल्या पोटावर दगड ठेवून आपल्यापेक्षा बलवान खोताशी व्यवहार तोडला. खोताकडे सावकारी होती, वकील होते, सरकार होतं. तो बहिष्कार वरच्या दिशेने होता, आणि त्याची झळ आधी करणाऱ्याला लागत होती. वाळीत टाकताना शंभर घरं एका घराशी बोलणं तोडतात. शंभर घरांना काहीच सोसावं लागत नाही, सगळं सोसतं ते एक घर. ज्या ठरावाची किंमत ठराव करणारे मोजत नाहीत, त्या ठरावाला एकजूट म्हणू नका.

मघाची गोष्ट इथे पुरी करते. १९८४ च्या त्या सकाळी माझ्या मैत्रिणीचे वडील दास्तान फाट्यावर होते. घर अजून वाळीतच होतं. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. ते आपणहून आले आणि रांगेत उभे राहिले, कारण सातबाऱ्यावर त्यांचंही नाव होतं आणि जमीन गेली तर त्यांचीही जाणार होती. लाठीमार आणि गोळीबार सुरू झाला तेव्हा ज्या पंचाने दंड सांगितला होता तो चिखलात पडला. त्याला दंडाला धरून कुणी उठवलं, ते तुम्ही ओळखलं असेल. त्या संध्याकाळी गावात वाळीत उठवण्याचा ठराव झाला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी वाण्याने त्यांच्या हातचे पैसे घेतले. आजवर गावाने त्या घराची माफी मागितलेली नाही. मीसुद्धा मागायला चाळीस वर्षं लावली.

सरकारच्या बंदुकीपुढे उभं राहायला गावाला तो माणूस चालला. बांधावरच्या एका रात्रीसाठी त्याला गाव पारखं झालं होतं. ही गोष्ट विसरून आपल्याला हुतात्म्यांचं स्मरण करता येणार नाही.

गावकीच्या बाहेरची माणसं

आणि काही घरं अशी आहेत ज्यांना कधी वाळीत टाकावंच लागलं नाही, कारण ती आत घेतलीच नव्हती. कातकऱ्यांच्या वाड्या पाहा. पूर्वी खैराच्या लाकडातून कात काढणारा हा समाज, महाराष्ट्रातल्या अतिदुर्बल तीन आदिवासी जमातींपैकी एक. त्यांच्या वाड्या अनेकदा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या. आपल्या जमिनीचे भाव चढले तसं त्यांच्या वाडीभोवती कुंपण आलं. साडेबारा टक्क्यांचा हिशेब सातबाऱ्यावरच्या नावाने झाला. ज्याचं नावच नव्हतं, तो आपल्या शेतात राबला, वीटभट्टीवर गेला, आणि आपण प्रकल्पग्रस्त म्हणून मोर्चे काढले तेव्हा त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही. बौद्धवाड्यातल्या घरांना गावच्या बैठकीत किती जागा मिळते, हे आपण आपल्याला विचारावं. आणि आता नवी माणसं आली आहेत. बंदरावर, यार्डात, गोदामात कामाला लांबून आलेले भाडेकरू. आपल्या चाळीत राहतात, आपल्याला भाडं देतात, आणि गणपतीत त्यांच्या मुलाला आरतीला कोणी हाक मारत नाही.

बाहेरच्या नजरेत आपण काय असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मी शहरातल्या शाळेत गेले तेव्हा आगरी बोलीत एक वाक्य बोलले आणि वर्ग हसला. नव्या सोसायट्यांत "गावठाणातला आहे" असं म्हणून आपल्या मुलांकडे संशयाने पाहतात. तो अपमान आपण गिळला आहे. मग त्याच नजरेने आपण भाडेकरूकडे कसं पाहतो?

दहा दिवस

टीका करून घरी जाण्यासाठी मी आलेले नाही. एक मागणं घेऊन आले आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. २०२२ च्या मे महिन्यात त्या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, तिला समारंभातून दूर ठेवायचं नाही. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं. एका छोट्या गावाच्या ठरावाने एवढं झालं. ठराव करण्याची सवय आपल्याला आहेच. शंभर वर्षं आपण माणसाला बाहेर काढण्याचे ठराव केले. आत घेण्याचा एक करून पाहू.

हा ठराव गावकीत करू नका. ग्रामसभेत करा. गावकीच्या बैठकीत घरटी एक पुरुष बसतो. ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार बसतो: बाई, कातकरी, बौद्ध, नाव नोंदवलेला भाडेकरू, वाळीत पडलेला माणूस. आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी असं कायद्याने सांगितलं आहे. ज्या रात्री बाळंतपण अडलं होतं, त्या रात्रीची साक्ष द्यायला आमच्या गावात अशी सभा नव्हती. आज आहे. ती कागदोपत्री उरकू नका.

आज १६ जानेवारी आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. मधले दहा दिवस. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. वाचते.

"या गावातल्या कोणत्याही घराशी बोलणं, त्याच्या लग्नाला आणि मयताला जाणं, त्याला पाणी, वाट, देऊळ, स्मशान, दुकान आणि काम देणं, यांवर बंदी घालण्याचा अधिकार कोणत्याही बैठकीला नाही. अशी बंदी कुणी घातली, तर ग्रामपंचायत स्वतः त्या घराच्या बाजूने तक्रार करेल. आज गावात असं एखादं घर असेल, तर सरपंच आणि सदस्य या महिन्यात त्या घरी जाऊन चहा पितील."

मसुदा इथे संपला होता. काल मी तो मैत्रिणीला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, यात एक ओळ राहिली. तिने सांगितली, मी खाली लिहून घेतली. ती तिच्याच नावाने, पण नाव न घेता, तुमच्यापुढे ठेवते.

"आणि मोठ्यांचं भांडण असलं तरी, शाळेच्या वाटेवर कुणाही मुलाला दुसऱ्या मुलाच्या पुढे चालायला सांगू नये."